रंग उतरवलेलं विमान

सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कारखान्यात मी रंग तपासते. कपाटांची दारं, मशीनची झाकणं, जे रंगवून येईल ते उजेडात धरायचं. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला किंवा कडेला ओघळ आला, की लाल स्टिकर लावून परत पाठवायचं. अठरा वर्षं हेच चाललंय. डोळा इतका सरावलाय की लग्नाच्या हॉलमध्येही मी नवरीच्या आधी खुर्च्यांचा रंग बघते.

आमचा स्प्रे पेंटर उत्तर प्रदेशातून आलेला, माझ्याहून वयानं मोठा. गेल्या वर्षी एका दिवसात मी त्याचे नऊ पीस परत पाठवले. दहावा त्यानं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, कभी खुद एक चीज़ बनाके देखिए. फिर स्टिकर लगाइए."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण टोकरखाड्याला घरी पोहोचेपर्यंत कळून चुकलं, की माणूस खरं बोलला होता. पोळ्या सोडल्या तर मी आयुष्यात काही बनवलं नव्हतं, आणि पोळ्यांना लाल स्टिकर लावायची नवऱ्याची हिंमत नव्हती.

म्हणून मी बाल्सा लाकडाच्या विमानाचं किट मागवलं. विमानच, कारण त्याची तपासणी सरळ असते. ते उडतं नाहीतर पडतं, तिथे माझी मर्जी चालणार नव्हती. काही केल्या उडालंच नाही तर तपासणीचं टेबल सोडायचं आणि स्टोअरमध्ये बदली मागायची, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्यालाही सांगून ठेवलं, म्हणजे माघार घ्यायला जागा नको.

बाल्सा इतकं हलकं की फॅन लावला की पंखांच्या बरगड्या थेट सोफ्याखाली. मग फॅन बंद. सिल्वासाच्या उकाड्यात नवरा शाळेचे पेपर तपासता तपासता घामानं निथळायचा. "अगं, विमान होईपर्यंत मी उरेन ना?" असं विचारायचा. मी एकेक बरगडी किटमधल्या नकाशावर टाचण्यांनी रोवायची, गोंद लावायची आणि वाळेपर्यंत राखण करायची. बोटं चिकटली, दोनदा कापली. दोन महिन्यांनी सांगाडा उभा राहिला, त्यावर पातळ कागद चढला.

रंगाची वेळ आली तेव्हा मात्र मला चेव चढला. हे तर माझं राज्य! सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, प्रायमर दिला, पुन्हा घासला, वर लाल रंगाचे तीन हात मारले. एकही डाग नाही, ओघळ नाही. नवरा म्हणाला, "शोकेसमध्येच ठेवू." मला तेवढं ऐकायचंच होतं, पण मी म्हटलं, "उडवायचं."

रविवारी किलवणीच्या बाजूला, भात कापलेल्या एका शेतात गेलो. नाकावरचा पंखा फिरवणाऱ्या रबराला पीळ दिला, सोडलं. चार पावलांवर ते नाकावर आपटलं. पाचदा सोडलं, पाचदा तसंच.

सोमवारी अभिमान गिळून ते पेंटरपुढे नेलं. त्यानं उलटंपालटं करून चकाकी पाहिली, मग तळव्यावर तोललं. "पेंट पास है, मॅडम. जहाज़ फेल है. इतने कपड़े पहनके कौन उड़ेगा?" तो हसला नाही, म्हणून जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी माझाच रंग काढायला बसले. कागद टराटरा फाडला. लाकडावरची लांबी घासत राहिले, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. तीन बरगड्या मोडल्या, त्या नव्यानं कापल्या. नवरा म्हणाला, "एवढं छान झालं होतं गं." मी म्हटलं, "छान होतं, बरोबर नव्हतं." नवा कागद चढवला, पाण्याचा फवारा मारून ताणला आणि पातळ लॅकरचा एकच हात दिला. डाव्या पंखावर एक सुरकुती राहिली. ती झाकायला आणखी एक हात मारावा म्हणून बोटं शिवशिवत होती. मी ब्रश धुऊन टाकला.

पुढच्या रविवारी तेच शेत. सोडलं आणि विमान वर गेलं. बांध ओलांडला, डावीकडे वळलं, शेजारच्या शेतावरून सावकाश जात राहिलं. नवरा एक चप्पल मागे टाकून त्याच्यामागे धावला. ते उतरलं तिथे मी भाताच्या खुंटांतच बसले आणि रडले. आनंदच होता तो, दुसरं काही नाही.

टेबल मी सोडलं नाही. सोमवारी पेंटरचा पहिलाच पीस आला. कडेला बारीक ओघळ होता. मी लाल स्टिकर लावलं. मग तो पीस उचलून स्वतः त्याच्या रंगाच्या बूथपाशी नेला, बाह्या वर सारल्या आणि पॉलिश पेपर मागितला. त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, हातातला पॉलिश पेपर मधोमध फाडला आणि अर्धा मला दिला.