लाटेवरच्या चाकाची पाती

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. औरंगाबादेतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि मला समुद्राच्या लाटांपासून वीज करायची होती. विभागातले सगळे हसले. समुद्र राहू द्या, आमच्या नळाला रोज पाणी नव्हतं. पण दिल्लीच्या एका खात्यानं अशा संशोधनाला अनुदान जाहीर केलं होतं, आणि अर्जदाराच्या गावाला किनारा हवा, अशी अट त्यात नव्हती. मी अर्ज केला. नमुना बघायला समिती येणार, असं उत्तर आलं.

खालून उघड्या पेटीत लाट चढली की आतली हवा ढकलते, उतरली की ओढते. हवा कुठूनही आली तरी पेटीच्या तोंडावरचं चाक एकाच दिशेनं फिरायला हवं. त्याची पाती घडवायला चिकलठाण्यातल्या एका कारखान्यातले एक टर्नर तेवढे तयार झाले. सुट्टीच्या दिवशी ते पाती घासायचे, मी मापं वाचायची. नामांतराच्या दंगलीत गावातलं त्यांचं घर जाळलं गेलं होतं, हे मला उशिरा कळलं. गाव पाचोडकडचं, माझ्या माहेराजवळचं. माझा भाऊ तेव्हा विरोधातल्या मोर्चांना जायचा. हे लपवून त्यांच्याकडून काम घेणं मला जमेना, म्हणून सांगून टाकलं. ते थोडा वेळ कानस चालवत राहिले. मग म्हणाले, "त्याचं त्याच्यापाशी, बाई. तुम्ही मापं वाचा."

समिती आली त्याच दिवशी शहर बंद. चाक पोत्यात बांधून टर्नर सायकलवर निघाले आणि वाटेत पोलिसांनी पोत्यात काय आहे म्हणून त्यांना चौकीत बसवून ठेवलं. निरोप आला तेव्हा पाहुणे चहा घेत होते. प्राचार्य नको म्हणत असताना मी उठले, चालत चौकी गाठली, कॉलेजचं पत्र दाखवलं आणि त्यांना घेऊन आले. वर्कशॉपमागच्या हौदात आम्ही दोघांनी फळीनं लाटा केल्या. चाक फिरलं, एकाच दिशेनं.

अनुदान मिळालं. समुद्रातली चाचणी किनाऱ्यावरच्या संस्थेकडे गेली, आमच्याकडे नमुन्याचं काम राहिलं. शेवटच्या अहवालात मी टर्नरचं नाव घातलं होतं. सरकारी कागदात कामगाराचं नाव जात नाही, असं म्हणून प्राचार्यांनी ते खोडलं. चौकीपर्यंत चालत गेलेली मी, त्या टेबलासमोर मात्र गप्प राहिले.

छापलेली प्रत घेऊन मी टर्नरकडे गेले. नावाचं सांगितलं. ते आकृत्यांची पानं बघत होते.

"हे पातं आपण मुळाशी जाड केलं होतं," ते म्हणाले. "इथं पातळच हाय."

खरंच, जुनं माप छापलं होतं. त्यांनी पेन मागितलं आणि माझ्या प्रतीत नवं माप लिहिलं. मी दिल्लीला दुरुस्तीचं पत्र पाठवलं, सोबत त्यांचं नावही. पोच आली, पुढं काही आलं नाही.