शिट्टीवाल्या बाई

रेफ्रीबाईंच्या गळ्यात शिट्टी असे. फुटबॉलच्या मैदानावरची, पत्र्याची. बाई हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होत्या आणि अर्धांगवायूच्या पेशंटनं व्यायामात लबाडी केली की ती वाजवत. वर "फाऊल!" असं ओरडत. शेजारच्या वॉर्डातली झोपलेली माणसं उठून बसत. आज पडद्यासमोर व्यायाम देणारी चकचकीत दालनं कोल्हापुरात उभी राहिली आहेत. तिथं बाईंचं नाव कुणी घेत नाही. मी घेणार. कुणाला राग आला तर येवो.

बाई मुरगूडच्या. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. दोन हजारनंतरच्या काळात त्यांच्या भावानं परदेशातून खेळाचं एक यंत्र आणलं. टीव्हीवर छोटा कॅमेरा ठेवायचा, की समोरचा माणूस पडद्यात दिसू लागे. पडद्यात गोलपोस्ट. चेंडू अंगावर येई, तो हवेत हात हलवून अडवायचा. भावानं ते स्वतःच्या पोरांसाठी आणलं होतं. बाईंनी उचललं आणि हॉस्पिटलात नेलं. "पोरांचं हात चांगलंच हायत की," म्हणाल्या.

माझा डावा हात तेव्हा अर्धांगवायूनं नुसता लोंबत होता. तरुणपणी मी पेठेच्या संघाचा गोलकीपर. हे बाईंना कळलं आणि मग माझी सुटका नव्हती. मला खुर्चीत बसवून पडद्यासमोर ढकललं. हात उठेना, म्हणून मी अख्खं अंग चेंडूकडं कलवलं. चेंडू अडला, टीव्हीतून टाळ्या आल्या, मी खूश. तेवढ्यात शिट्टी.

"अवो गोलकीपर, कंबर कशाला घालताय मधी? यंत्राला फसवशिला, पर उद्या सदरा अंगात कोण घालणार? यंत्र?"

त्यांनी माझी छाती टॉवेलनं खुर्चीच्या पाठीला करकचून बांधली. "आता अडवा." मग किती दिवस गोलच खात होतो! शेजारी दुसऱ्या पेठेचा एक पेशंट बसे. तो एका हातानं मांडी बडवून म्हणे, "तुमच्या पेठेची जाळी फाटकीच!" त्या रागानं माझा खांदा पहिल्यांदा हलला. बाईंना तेच हवं होतं. भांडण लावायला त्याला माझ्या शेजारी त्यांनीच बसवलं होतं.

कोडोलीच्या एका आजींना फुटबॉल ठाऊक नव्हता. त्या चेंडूला रेडकासारखं हाकलत. "हो बाजूला, मुडद्या!" असं हाकलता हाकलताच त्यांचा हात कपाळापर्यंत गेला. बाईंनी त्या दिवशी शिट्टी वाजवली नाही. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या हंगामात पेठेच्या बक्षीस समारंभात मी डाव्या हातानं चषक उचलला. मैदान दणाणलं. माईकवर कुणीतरी विचारलं, "कशानं बरं झालासा?" एवढ्या जुन्या गोलकीपरनं टीव्हीवरचा पोरखेळ सांगायचा? मी म्हणालो, "तालमीतल्या वस्तादांच्या तेलानं." वस्तादांनी मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण हॉस्पिटलचे एक विश्वस्त व्यासपीठावर होते. त्यांना बाईंची ती पडद्याची खोली, तो दंगा आधीपासूनच सलत होता. आठवड्याभरात खोलीला कुलूप लागलं. "तुमचाच पेशंट तेलाचं नाव घेतोय," असं बाईंना सुनावलं.

"दार तुमचं हाय, पेशंट माझं," एवढं बोलून बाई बाहेर पडल्या.

मी पोचलो तेव्हा त्या टीव्ही टेम्पोत चढवत होत्या. "बाई, चुकलं माझं," मी म्हणालो. त्यांनी शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली. "फाऊल झाला. आता पलीकडनं टीव्ही धरा की. डाव्या हातानं."

मुरगूडला त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तो पडदा पुढं कितीतरी वर्षं चालला. गारगोटीहून माणसं एसटीनं येत, कुणी खांद्यावर हात टाकून, कुणी पाठुंगळी. जाताना बरीच आपल्या पायांनी जात. बाई गेल्या, तोवर शिट्टी गळ्यातच होती.

परवा त्याच हॉस्पिटलात नव्या दालनाचं उद्घाटन झालं. सेन्सरचे पट्टे, डोळ्यांवर चढवायचे चष्मे, सगळं आहे. तेच विश्वस्त, आता काठी टेकत, माईकवर म्हणाले, "कोल्हापुरात ही पद्धत आमच्याच संस्थेनं सुरू केली."

मी मागच्या रांगेत होतो. डावा हात वर केला. कंबर हलली नाही, खांदा कलला नाही, हात सरळ कानाशी. आणि सभागृहातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडलो,

"फाऊल!"