खड्ड्यातला वर्ग आणि कांड्यांची सुट्टी

नातेपुत्याहून पत्र्याची ट्रंक घेऊन मी सोलापुरात उतरलो, आणि ज्या शाळेत नोकरी लागली होती तिच्या दारावरून चक्क दोनदा पुढे गेलो. दोष माझा नव्हता. त्या शाळेत शाळेसारखं काही नव्हतंच. पूर्वभागातला अरुंद बोळ, दोन्ही अंगांनी मागांची खटखट, दोरीवर वाळत घातलेलं रंगीत सूत आणि मधेच एक लांबट पत्र्याची शेड. आत डोकावलो तर जमिनीत मोठा खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसलेली पोरं आणि मधोमध उभ्या असलेल्या, कमरेच्या वरच तेवढ्या दिसणाऱ्या एक बाई.

"मुख्याध्यापिका कुठं भेटतील?" मी विचारलं.

"खड्ड्यात," बाई म्हणाल्या आणि वर येण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला. शकुंतलाबाई वळसंगकरांशी माझी पहिली ओळख झाली ती अशी, त्यांना वर ओढून घेताना.

आज बाईंच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे. बाईंवर लिहायचं म्हणजे शाळेचाच इतिहास लिहायचा, कारण दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. पेठेतल्या काही विणकरांनी आपल्या पोरांसाठी ही शाळा काढली, ती हातमागाच्या रिकाम्या शेडमध्ये. माग दुसरीकडे हलले, पण विणकराला पाय सोडून बसायला खणलेले खड्डे तसेच राहिले. बाकीचे बुजवले गेले. सगळ्यांत मोठा मात्र बाईंनी पहिलीसाठी राखून ठेवला. "पहिलीचं पोर एकदा खड्ड्यात बसलं की लवकर पळून जात नाही," हे त्यांचं शिक्षणशास्त्र. मी अध्यापनाच्या परीक्षेसाठी जाडजूड पुस्तकं पाठ केली होती; त्यांत हे कुठंच नव्हतं. शाळेला घड्याळ नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की शाळा भरायची.

बाई अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, शाळेत मराठी आणि समोर बसलेली पोरं तेलुगू बोलणारी. बाईंनी तेलुगू शिकायचं ठरवलं आणि गुरू केले पहिलीतले विद्यार्थी. ते गुरू फार कडक होते. बाई चुकल्या की पोरं कपाळाला हात लावत आणि बाई तोच शब्द निमूटपणे पुन्हा म्हणत. पोरांना मराठी कधी आली ते पोरांनाही कळलं नाही.

एक गोष्ट मात्र बाईंना कधीच जमली नाही, ती म्हणजे गाणं. प्रार्थना त्याच सांगत आणि दुसऱ्या ओळीला हमखास सूर सोडत. पोरांनी ती प्रार्थना तश्शीच उचलली. आज त्या पेठेतली एक आख्खी पिढी दुसऱ्या ओळीला एकदिलाने बेसूर होते. नव्या शिक्षकांनी चाल सुधारायचा प्रयत्न केला, तेव्हा पालकच तक्रार घेऊन आले की मास्तर चुकीचं शिकवतात.

माझ्यासारख्या परगावच्या एकट्या माणसावर त्यांनी केलेली माया मी कशी विसरेन? मी विषमज्वराने खोलीवर पडलो, तेव्हा त्या रोज शाळा सुटल्यावर पेज घेऊन येत. बरा झाल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली, आणि सोबत पहिलीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही. "बसल्या बसल्या तपासा, म्हणजे लवकर हिंडायला लागाल," असं वर सांगणं. बाईंची माया अशी कामासकट येते.

पण बाई म्हणजे कोण, हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते तपासणीच्या दिवशी. त्या वर्षी शाळेची मान्यता टांगणीला लागली होती. हजेरी वाढली नाही तर शाळा बंद करून मुलांना रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शाळेत घालायचं ठरत होतं. तिकडं मुलगे गेले असते, मुली गेल्या नसत्या. आमच्या पेठेतल्या मुली आधीच घरी बसून कांड्या भरत, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत. शाळेत यायच्या त्या मोजक्याच. बाईंच्या जिवाला तोच घोर होता.

आमचे शिपाई नरसय्या. ते बाईंना म्हणाले, "तुमी काय काळजी करू नका की बाई. दिपोटी येऊ द्या."

दिपोटी म्हणजे तपासणीला येणारे साहेब. ते यायच्या दिवशी भोंगा झाला आणि शाळेत पोरांचा लोंढा घुसला. खड्डा भरला, वर्ग भरले, व्हरांडाही भरला. नरसय्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, घरात असेल ते पोर पाठवा, बाईंची शाळा वाचवायची आहे. लोकांनी खरंच असेल ते पाठवलं होतं. चौथीत गुडघे पोटाशी घेऊन एक मिसरूड फुटलेला बाप्या बसला होता. शेजारच्या उर्दू शाळेतले दोघे दप्तरासकट हजर होते. मी विचारलं तर म्हणाले, "हमना नरसय्या चाचा बोले, चुप बैठो करके." मला तर आनंदच झाला. शाळा वाचली!

साहेब आले आणि भरलेली शाळा बघून खूश झाले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, ही सगळी आमची मुलं नाहीत." आणि मुलांकडे वळून, "जे आपल्या शाळेचे नाहीत, त्यांनी उभं राहा."

निम्मी शाळा उभी राहिली.

उर्दू शाळेतल्या दोघांना बाईंनी पाठ थोपटून त्यांच्या शाळेत पाठवलं, मिसरुडवाल्याला मागावर. मागे उरल्या त्या बहुतेक मुली, केसांत सुताचे कण अडकलेल्या आणि कुठल्याच शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पुढच्या मुलीला बाईंनी तेलुगूत नाव विचारलं.

"नागमणी."

"बडिकी वस्तावा?" शाळेत येशील का?

मुलीने दाराकडे पाहिलं. दारात नरसय्या उभे होते. ती त्यांचीच लेक होती. रोज शाळेचं दार उघडणाऱ्या माणसाची लेक शाळेत नव्हती, आणि इतकी वर्षं आम्हाला कुणाला ते ठाऊक नव्हतं.

नरसय्या खाली बघून म्हणाले, "यायला काय न्हाय बाई. पर कांड्या कोण भरंल?"

"कांड्यांसाठी सुट्टी मी देते," बाई म्हणाल्या. "दुपारचा भोंगा झाला की घरी जाऊन भरायच्या आणि परत यायचं. आज पाठवलंत ना? मग रोज पाठवा."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"मुलांना कळलं असतं, साहेब."

पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, असं सांगून साहेब गेले. तो महिना बाई रोज दुपारी सुट्टीनंतर बोळात उभ्या राहून एकेका मुलीला हाक मारत होत्या. कधी एखादी आईच हातातलं काम टाकून पोरीला आणून सोडायची. साहेब पुन्हा आले, तेव्हा मुली जागेवर होत्या. शाळा राहिली, आणि दुपारची ती लांब सुट्टी आजही 'कांड्यांची सुट्टी' म्हणूनच ओळखली जाते.

नागमणी आता हायस्कुलात आहे. परवा गौरव समारंभाचं निमंत्रण द्यायला आम्ही बाईंकडे गेलो, तर त्यांची एकच अट: कार्यक्रम कांड्यांच्या सुट्टीत नको, मुलींना येता येणार नाही. बाई, तसं होणार नाही. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, आणि प्रार्थनेची दुसरी ओळ आपण अशीच पुष्कळ वर्षं चुकवत राहा. समारंभात आम्ही त्या दिवशीच्या सगळ्या मुलींना पुन्हा उभं राहायला सांगणार आहोत. फक्त या वेळी हाक वेगळी असेल: जे आपल्या शाळेचे आहेत, त्यांनी उभं राहा.