दुभाष्याच्या तोंडून

गिरगावात वकिली सुरू करून मला फार काळ झाला नव्हता. शेजारच्या वाडीतल्या एका विधवा बाईंवर त्यांच्या परळच्या जावयाने पोलीस कोर्टात अर्ज केला. सासूने माझ्या बायकोला कोंडून ठेवलं आहे, तिला सोडवून माझ्या हवाली करावं, अशी त्याची मागणी. मुलगी जेमतेम सोळा वर्षांची. सणाला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती.

मॅजिस्ट्रेटसमोर तिने एवढंच सांगायला हवं होतं की, मी आईकडे माझ्या मर्जीने राहते. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी आई तिला आमच्या घरी घेऊन आली, तेव्हा मुलीने तोंडच उघडलं नाही. मी विचारावं, तिने जमिनीकडे पाहावं. उद्या ही अशीच उभी राहिली तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं.

माझे वडील बाहेर ओटीवर बसून होते. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. नवरा सोडलेल्या मुलीचं वकीलपत्र घेतलंस तर ती मोडतील, असं त्यांनी मला बजावलं होतं. त्यांची धास्ती खोटी आहे असं मला म्हणता येईना.

शेवटी माझी बायको दाराआडून म्हणाली, "पुरुषमाणसासमोर तिला बोलता यायचं नाही. मी विचारून पाहते."

ती मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दोघी वाल सोलत बसल्या. आतून कुजबुज येऊ लागली. बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बोलली ती," एवढंच ती म्हणाली. "पण तिकडे इतक्या लोकांत बोलेल का, ते मी कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात सासरची माणसं पुढच्याच बाकावर येऊन बसली होती. मॅजिस्ट्रेट इंग्रज. दुभाष्याने प्रश्न मराठीत सांगितला. मुलगी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. समोरच्या वकिलाने लगेच उठून सांगितलं की, आईच्या धाकाने हिची वाचा बसली आहे. मॅजिस्ट्रेट मान हलवू लागले.  मी विनंती केली की आईला बाहेर पाठवावं, सासरच्या मंडळींनाही पाठवावं, आणि मग विचारावं. आईला बाहेर काढणं म्हणजे मुलीचा उरलासुरला आधार काढणं, हे मला कळत होतं. पण दुसरं काही सुचेना.

मॅजिस्ट्रेटनी ते मानलं आणि दोन्हीकडची माणसं बाहेर गेली. मुलगी फार हळू आवाजात काहीतरी बोलली. दुभाषा म्हातारा, सोवळ्याओवळ्याचा माणूस. त्याने इंग्रजीत सांगितलं, "सध्या जायला तिची तयारी नाही, असं ती म्हणते."

मी जवळच उभा होतो. ती 'सध्या' म्हणालीच नव्हती. मी लगेच हरकत घेतली. दुभाषा संतापला. मॅजिस्ट्रेटनी मला खाली बसवलं आणि मुलीला मोठ्याने बोलायला सांगितलं.

तिने पदर घट्ट धरला. "मला तिकडे कधीच जायचं नाही," ती म्हणाली. "कोंडलं होतं ते तिकडे, लाकडांच्या खोलीत. आईकडे कुणी कोंडलेलं नाही."

हे मलाही ठाऊक नव्हतं. या वेळी दुभाष्याने शब्दन् शब्द सांगितला. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

अर्ज फेटाळला गेला. हायकोर्टात दावा लावू, अशी धमकी जावयाने जिन्यावर दिली. पण दावा काही आला नाही. वर्षभरात त्याने दुसरं लग्न केलं. मायलेकी दादरला मामाकडे राहायला गेल्या. बहिणीचं ते स्थळ मात्र मोडलं, आणि वडील कित्येक दिवस माझ्या पंगतीला बसले नाहीत.

सुनावणीच्याच दिवशी संध्याकाळी मी बायकोला कोर्टातलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती गप्पच राहिली असती तर?"

"तर आत्ता ती परळला असती," मी म्हणालो.

ती उठून पानं घ्यायला आत गेली.