जहाज, शिट्टी आणि लाल मग

परक्या बंदरावर जहाज आपल्याला सोडून निघून जाऊ नये, यासाठी मी एक पक्की योजना आखली होती. त्या योजनेमुळेच माझी बायको, मुलगा आणि सून परक्या बंदरावर राहता राहता वाचली.

आमचा निखिल हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला प्रमोशन मिळालं आणि त्याने आम्हा दोघांना युरोपातल्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. मी उभा जन्म पाटबंधारे खात्यात काढलेला. खडकवासल्याचं पाणी किती चढलं आणि किती उतरलं, हे बघण्यात माझी अख्खी नोकरी गेली. जहाजाचा अनुभव म्हणाल, तर धरणाच्या काठाला बांधलेली होडी मी रोज लांबून बघायचो.

"बाबा, मोठं हॉटेल आहे असं समजा," निखिल म्हणाला. "फक्त तरंगतं."

"आणि रोज एका पोर्टला थांबतं," सूनबाई म्हणाली. (रश्मी. तीही आयटीतलीच.) "आपण उतरायचं, फिरायचं, शॉपिंग करायचं, संध्याकाळी परत. फक्त टाइमवर यायचं हं बाबा. शिप वेट नाही करत. निघून जातं."

"निघून जातं म्हणजे?"

"म्हणजे जातं."

"अगं, पण माणसं मोजत नाहीत?"

"मोजतात ना! कमी आहेत हे त्यांना बरोबर कळतं. आणि मग जातात."

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. कारण आमच्या घराण्यात माणसं मोजल्याशिवाय गाडी हललेली नाही! माझे वडील दर दसऱ्याला सगळी भावकी घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, पण वडिलांनी आमच्यातला एकही माणूस कधी हरवू दिला नाही. त्यांचा नियम होता. शिट्टी वाजली, की प्रत्येकाने असेल तिथून 'हजर!' असं ओरडायचं आणि सगळे हजर झाल्याशिवाय कोणीही गाडीत पाय ठेवायचा नाही. एकदा आत्याच्या यजमानांनी आधीच आत शिरून खिडकीची जागा धरली. वडिलांनी त्यांना खाली उतरवलं, सगळ्यांसमोर हजर म्हणायला लावलं आणि मग उभ्याने पुण्याला आणलं.

तोच नियम मी जहाजाला लावला. बोहरी आळीतून चार पिवळ्या शिट्ट्या आणल्या, दोरीसकट. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. मी शिट्टी मारायची आणि तिघांनी गाड्यांच्या आडून 'हजर!' ओरडायचं. पहिल्याच दिवशी वॉचमन काठी घेऊन धावत आला.

"काय झालं साहेब? चोर हाय का?"

"चोर नाही. जहाज सुटतंय."

त्याने पार्किंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काठी काखेत मारून परत गेला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'पार्किंगमध्ये जहाजे सोडू नयेत. हुकुमावरून.' (अक्षर तळमजल्यावरच्या साठ्यांचं होतं. मी ओळखतो.)

सामान भरताना आणखी एक वाद झाला. मी टॉवेलात गुंडाळून आंघोळीचा लाल प्लास्टिकचा मग घेतला होता.

"बाबा!" निखिल किंचाळला. "क्रूझवर मग?"

"तिकडे कागद असतो म्हणे. तुमचा कागद तुम्हाला लखलाभ. मी पाण्याचा माणूस आहे."

"राहू दे रे," ही म्हणाली. "त्यांना तेवढाच आधार." हिचं बोलणं साधं आहे की टोमणा, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर आम्ही जहाजावर पोचलो. सकाळचा नाश्ता बघून मी थक्क झालो. मैदानाएवढ्या हॉलमध्ये नुसती ताटंच ताटं, आणि सगळं तिकिटातच! पुण्याच्या माणसाला 'तिकिटातच' हा शब्द ऐकवू नये. जे ओळखू आलं ते मी घेतलं आणि जे ओळखू आलं नाही ते दोनदा घेतलं. चार प्रकारचं चीज, थंडगार खरबूज, कच्चा मासा (तो मासा आहे हे नंतर कळलं) आणि वर तीन पेले दही.

पहिल्या बंदरावर उतरलो. जुनं किल्ल्याचं गाव होतं, नाव मला अजून धड म्हणता येत नाही. गावातल्या कारंज्यापाशी मी सगळ्यांना थांबवून भाषण केलं.

"कोणी हरवलं, तर याच कारंज्यापाशी यायचं. इतरांनी शिट्टी मारत शोधायचं. आणि सगळे हजर झाल्याशिवाय कोणीही जहाजाची शिडी चढायची नाही. कोणीही! कळलं?"

"कळलं," तिघं म्हणाली. फोन बंदच होते, कारण निखिलने दम भरला होता, "रोमिंगमध्ये एक जरी कॉल घेतलात, तरी माझं प्रमोशन परत जाईल."

नंतर आम्ही एका दुकानात शिरलो. हिला सोसायटीतल्या बायकांसाठी फ्रिजवर चिकटवायची चुंबकं घ्यायची होती. सगळी वेगवेगळी हवीत, पण एकही दुसरीहून भारी दिसता कामा नये. या कामाला वेळ लागतो. आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटात ते चीज, ते खरबूज आणि तो मासा यांची एकमेकांशी ओळख झाली.

"अहो, साठेवहिनींना होडीचं देऊ की किल्ल्याचं?"

"होडीचं."

"मग किल्ल्याचं कोणाला?"

"कोणालाही दे गं!"

"आणि तोंड का असं झालंय तुमचं?"

शेजारी सूनबाई उभी. तिच्यासमोर काय सांगणार, कपाळ? "काही नाही. मी जरा आलोच," असं म्हणून मी बाहेर पडलो.

कोपऱ्यावरच स्वच्छतागृह होतं. चकचकीत, सुगंधी. आत गेलो. नळ नाही. बादली नाही. भिंतीवर फक्त कागदाची गुंडाळी. मी कागदाकडे बघितलं, कागदाने माझ्याकडे बघितलं. ज्याने अख्ख्या पुण्याच्या पाण्याची काळजी वाहिली, त्याने ऐनवेळी पाण्यावाचून भागवायचं? शक्य नाही! मी तसाच बाहेर आलो आणि जहाजाच्या दिशेने निघालो. त्या वाटेचं वर्णन करत नाही. धावता येत नव्हतं, हळू चालणं परवडत नव्हतं, आणि एक गोरी आजी मधेच थांबवून मला "गुड आफ्टरनून" म्हणाली!

जहाजाच्या दारात कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, खोली गाठली, मग गाठला. पुढची काही मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम मिनिटांपैकी आहेत.

आता लगेच परत दुकानात जायचं होतं. खरंच जायचं होतं! पण खोलीत गार हवा होती, पांढरीशुभ्र गादी होती आणि पोट बिचारं नुकतंच शांत झालं होतं. जरा पाठ टेकावी म्हणून टेकली.

जाग आली ती जहाजाच्या भोंग्याने. मी ताडकन उठलो. मग विचार केला: अरे, आपण तर जहाजावरच आहोत! म्हणजे आपण मागे राहिलेलो नाही. योजना यशस्वी! आणि ही तिघंही आलीच असतील, वर चहा घेत बसली असतील. इतकी सरळ गोष्ट डोक्यात आल्यावर मी निवांतपणे वरच्या डेकवर गेलो. (चष्मा खोलीत राहिला. हे महत्त्वाचं आहे.) तिथे चहाबरोबर कांद्याची भजी होती. मधे भोक पडलेली, पण भजीच. मी ताटली भरून घेतली.

कठड्याशी ही गर्दी! गर्दीत आमचे नवे मित्र, नागपूरचे मेश्राम.

"या या कांबळेसाहेब! मजा पाहा! काही लोकं लेट झाले, पळत येऊन राहिले."

खाली लांबलचक धक्का होता आणि त्याच्या पार टोकाकडून तीन ठिपके धावत येत होते. डेकवरचे लोक टाळ्या वाजवत होते, शीळ घालत होते. माझ्यातला शिस्तप्रिय माणूस जागा झाला.

"काय माणसं असतात हो!" मी भजी खात म्हणालो. "एवढं वेळेवर या म्हणून सांगतात, पण नाही! यांच्या घरात कोणी जबाबदार माणूस आहे की नाही?"

"बाई पाहा ना ते! साडी खोचून कशी पळून राहिली!"

"साडी? म्हणजे आपल्याच देशातली! बघा, घालवली अब्रू!" मी ताटली काखेत धरून टाळ्या वाजवल्या. "पळा, पळा! अजून थोडी खरेदी करा! मेश्राम, मी म्हणतो, या बाईचा नवरा काय करतोय?"

"नवरा तर दिसत नाही बाप्पा."

"कसा दिसेल? तो आधीच येऊन वर बसला असेल, भजी खात! असली माणसं ना, उलटी टांगायला पाहिजेत!"

मेश्राम खो खो हसले. आणि तेवढ्यात खालून आवाज आला. फुर्रर्रर्र!

"आता हे शिट्टी कायले वाजवून राहिली?" मेश्राम म्हणाले.

माझा घास तोंडातच राहिला. बोहरी आळीतल्या त्या शिट्टीचा आवाज मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखीन. धक्क्यावरून माझी बायको धावत येत होती. मागे चुंबकांच्या पिशव्या घेतलेला निखिल. त्याच्या मागे चपला हातात घेतलेली रश्मी.

तिघं शिडीपाशी पोचली. खलाशी "मॅडम, प्लीज! प्लीज!" म्हणून हात जोडत होता. निखिल पहिल्या पायरीवर चढला होता. हिने त्याला मागे ओढलं आणि वर बघितलं. मी दिसलो. हातात ताटली, तोंडात भजी.

आणि ही चढेना! कमरेवर हात ठेवून शिडीसमोर उभी. दुसरा खलाशी आला, मग टोपीवाला अधिकारी आला. निखिल काकुळतीला आला होता, रश्मी धक्क्यावर बसली होती. हिने शांतपणे शिट्टी तोंडात धरली आणि माझ्याकडे बघत एक लांबलचक फुंकर मारली.

डेकवर चिडीचूप. नियम तो नियम. मी घास गिळला.

"हजर," मी म्हणालो.

हिने कानामागे हात धरला.

"हजर!!"

"अरे, हे वहिनी आहे?" मेश्रामांच्या डोक्यात प्रकाश पडला. नागपूरचा माणूस, दीक्षाभूमीच्या गर्दीतली हजेरीची पद्धत त्यांना नवीन नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "हजर!" आणि मग अख्खा डेक, गोरे, जपानी, ती गुड आफ्टरनूनवाली आजीसुद्धा, एका सुरात ओरडला, "हजर!" हिने मान डोलावली, खोचलेला पदर सोडला आणि एखाद्या पाहुणीसारखी सावकाश शिडी चढली. जहाज खरंच थांबलं होतं!

खोलीत आल्यावर रश्मीने सगळी हकीकत सांगितली. तिघांनी अख्खं गाव शिट्ट्या मारत पालथं घातलं होतं. किल्ला झाला, बाजार झाला, चर्चमध्ये शिट्टी मारली तेव्हा पोलीस आला. त्याला 'हजर' समजावून सांगताना निखिलला घाम फुटला होता.

"मी सारखं म्हणत होतो, शिपवर विचारू," निखिल म्हणाला. "गेटवर कळतं कोण आत गेलंय ते. पण आई ऐकेचना!"

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, 'तुझे बाबा आपल्याला सोडून चढणार नाहीत. त्यांचाच नियम आहे तो.' पोलिसालापण हेच सांगितलं, मराठीत. शेवटी रश्मीने थाप मारली, की बाबा लांब धक्क्यावर दिसले. तेव्हा कुठे पळायला लागली."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. जहाज सुटलं तरी चालेल, पण नवरा सोडणार नाही, असं म्हणणारी ही बाई! आणि तिला मी काय म्हणालो होतो वरून? (ते मी आजही तिला सांगितलेलं नाही. मेश्रामांनी सांगितलं, जेवताना.)

"कुठे होतात?" हिने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

मी खरं ते सांगितलं. हिने चुंबकांच्या पिशव्या एकेक करून कपाटात ठेवल्या. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही तिघं एका बाजूला आणि ते लाल डबडं एका बाजूला."

तिने विषय तिथेच संपवला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी नवं बंदर आलं. उतरताना हिने पर्स घेतली, छत्री घेतली, पाण्याची मोठी बाटली घेतली आणि खांद्यावरच्या पिशवीत सगळ्यात वर, सगळ्यांना दिसेल असा, तो लाल मग ठेवला.

"अगं, हे काय? लोक बघतायत!"

"बघू देत. आता कुठे जाल?"

उरलेल्या सगळ्या बंदरांवर मी त्या मगाच्या मागोमाग चाललो. राजवाडे बघितले, पुतळे बघितले, क्षणभरही हरवलो नाही. एका चर्चच्या पायऱ्यांवर आम्हा चौघांचा झकास फोटो आला. धायरीच्या घरात दिवाणखान्यात तोच लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "वहिनी, हे पिशवीतून लाल लाल काय डोकावतंय?"

ही चहा ओतता ओतता सांगते, "तो मग आहे. तो फोटोत आहे, म्हणून हे फोटोत आहेत."