न आलेला हुक

मी माझ्या सख्ख्या भावाशी सात महिने खोटं बोललो. रोज. त्याच्या तोंडावर.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. घरच्यांना हे खोटं माहीत आहे, तुम्हा मित्रमंडळींना नाही. म्हणून लिहून टाकतो.

दादा स्टील प्लांटमध्ये फॅब्रिकेशनला होता. लोखंडाचं म्हणाल ते बनवायचा. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. यानं कोहका वस्तीतल्या आपल्या घरी अंगणात खडूनं ट्रेलरचा फुल साइज नकाशा काढला.

त्याच्या जुन्या जीपमागे लावायचा ट्रेलर.

पुढे दोन मोटरसायकली उभ्या, एक त्याची, एक माझी. वर उघडणारा टेंट. मागून ड्रॉवरसारखं ओढायचं किचन, खाली पाण्याची टाकी. केशकालच्या घाटापलीकडे न्यायचा, नदीकाठी लावायचा, आणि तिथून दोघांनी बाइकवर जंगलातले कच्चे रस्ते फिरायचे. इतके दिवस नोकरीतून जमलं नव्हतं.

वहिनी म्हणायच्या, "घरातल्या किचनचं दार दोन वर्षांपासून लागत नाई, अन् हे जंगलातल्या किचनले पॉलिश करून राहिले."

मी म्हटलं तीन एमएम जाडीचा पाइप पुरे. त्यानं पाचचा लावला.

"दादा, ट्रेलर बनवून राहिला का वॅगन?"

"वॅगनच समज. पण तुह्या रेल्वेपेक्षा टाइमवर पोचन."

मी दुर्गला रेल्वेत. त्यामुळे हे ऐकून घ्यावंच लागायचं.

एका गोष्टीत मात्र तो मस्करी खपवून घेत नसे. जीप आणि ट्रेलर जोडणारा हुक. साधा नको, स्वतःभोवती पूर्ण गोल फिरणारा हवा.

"घाटात ट्रेलर उलटला तं उलटू दे. जीपले घेऊन नाई उलटला पायजे. जीपमंदी आपण बसलो राहतो."

घाटासाठी कंपनीचाच हवा, म्हणून तसा हुक बाहेरून मागवायचं ठरलं. ऑर्डर मी केली, पत्ता माझ्या ऑफिसचा दिला.

त्याच आठवड्यात ग्राइंडर चालवता चालवता दादाला दम लागला आणि तो खाली बसला. ॲडमिट केलं. हार्ट फारच कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं.

"इनको घर पर ही रखिए. सफर, जंगल, ये सब अब नहीं."

दादाला आम्ही एवढंच सांगितलं की थोडा आराम कर. जास्त सांगून उपयोग नव्हता. त्याला नको म्हटलं की तो तेच करणार, हे सगळ्या कोहक्याला ठाऊक.

दोन दिवसांनी ऑफिसात पार्सल आलं. मी ते लॉकरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

डिस्चार्ज झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न.

"आला का बे हुक?"

"नाई आला."

बस. तिथून सुरू झालं.

फोनवर सांगितलं असतं तर त्यानं कंपनीचा नंबर मागितला असता. म्हणून ड्यूटी सुटली की दुर्गहून थेट कोहका. समोर बसायचं आणि थाप मारायची. रायपूरच्या गोडाऊनला अडकला. साइज चुकीची आली, परत पाठवला. आता नवीन बनून राहिला.

आधी मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचो. तेही वहिनींचा फोन आला तर.

तो चिडेल असं वाटायचं. चिडला नाही कधी.

"बरं. बस. चहा घे."

मग आम्ही उरलेलं काम काढायचो. तो खुर्चीत, मी जमिनीवर पाना घेऊन. ट्रेलरची चाकं जीपच्याच मापाची, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालेल. शेगडी कुठल्या बाजूला, म्हणजे धूर टेंटमध्ये येणार नाही. बाइक बांधायचे पट्टे कुठून घ्यायचे. एक काम संपलं की तो दुसरं काढायचा.

एकदा मध्येच त्यानं विचारलं, "तुले भेव वाटते का बे?"

"कशाचं?"

"काई नाई. पाना दे."

एका सकाळी पेपर वाचता वाचता दादा गेला. अंगणात ट्रेलर तयार उभा होता. फक्त पुढे हुक नव्हता.

तेरवीनंतर मी लॉकर उघडला. पार्सल घेऊन कोहक्याला गेलो, वहिनींसमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला.

त्यांनी पार्सल उघडलंसुद्धा नाही.

"भाऊजी, हे तं तुमच्या दादाले पहिल्याच महिन्यात समजलं होतं."

"मंग काई म्हणाला कावून नाई? सोताच बनवून घेतला असता."

"मी बी तेच म्हटलं. म्हटलं, एक पाइप, एक पिन, तुमचं एका दुपारचं काम. तं म्हणे, राहू दे. हुक आला तं त्याचं रोज येणं बंद होऊन जाईन."

मी तिथेच बसून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, लहान पोरासारखा.

मी समजत होतो की मी त्याला सांभाळतोय.

त्याला जंगलात नेलं असतं तर तो सात महिने जगला नसता, असं डॉक्टर म्हणतात. नेलं असतं तर निदान एकदा नदीकाठी झोपला असता, असं मला वाटतं. वर्ष झालं, यातलं खरं कुठलं ते मला ठरवता येत नाही.

अजूनही ड्यूटी सुटली की गाडी वैशाली नगरला माझ्या घराकडे वळत नाही, कोहक्याला जाते. वहिनी चहा टाकतात. माझ्याकडे सांगायला काही नसतं. तरी बसतो.

दादा, चुकलं असेल तर पोटात घाल.

भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

तुझा लहाना