शून्याचा हुकूम

स्क्रीन कुठलीही बंद पडो, आमच्या दुकानातल्या ताई आधी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायच्या. "माहंच काई चुकलं असन," म्हणत स्टुलावर चढायच्या आणि आपणच लावलेली केबल आपणच उपटून बघायच्या. दवाखाने, बसस्टँड, सराफांची दुकानं इथे भिंतीवर मोठ्या स्क्रीन लावायच्या आणि लॅपटॉपवरून सिरियल केबलने त्यांना चालू-बंदचे हुकूम द्यायचे, हे आमच्या वर्ध्याच्या दुकानाचं काम. बिघाड झाला की बाकीचे आम्ही कंपनीला, लाइटीला, उंदरांना शिव्या द्यायचो. ताईंकडे उंदराचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा.

पुलगावच्या एका दुकानात नवी स्क्रीन काही केल्या ऐकेना. मी सकाळपासून सेटिंगा बदलून थकलो. ताईंनी येऊन प्लग उघडला. हुकूम पाठवणारी तार पलीकडच्याही पाठवणाऱ्याच तारेला जोडलेली. "तोंडासमोर कान पाह्यजे बावा. तोंडासमोर तोंड ठेवलं त भांडणच होईन!" केबल मी बनवली होती. दुकानदाराला मात्र त्यांनी "माह्याकडून राह्यलं" असं सांगितलं, आणि मी खाली मान घालून पेचकस शोधत राहिलो.

मग तो डोळ्यांचा दवाखाना. हॉलमध्ये पेशंटचे नंबर दाखवणाऱ्या चार स्क्रीन, त्यातली एक अडकलेली. प्रत्येक स्क्रीनला स्वतःचा आकडा असतो आणि त्या आकड्यावर पाठवलेला हुकूम तीच ऐकते. या स्क्रीनचा आकडा कुणालाच आठवेना. आमच्या धंद्यात अशा वेळी एक पळवाट असते. शून्यावर हुकूम पाठवला की ओळीतल्या सगळ्याच ऐकतात. मी "आटपा ना ताई" म्हणत होतो. ताईंनी शून्य टाकून बंदचा हुकूम पाठवला. चारही स्क्रीन काळ्या झाल्या. पुन्हा दिसू लागेपर्यंत नंबर बरेच पुढे गेले होते, आणि तळेगावहून आलेले एक आजोबा आपला नंबर हुकला म्हणून बस पकडून परत गेले होते. त्यांच्या डोळ्यातला दाब वाढलेला होता. ते पुन्हा आले ते सोयाबीन निघाल्यावर, आणि तोवर एक डोळा गेल्यात जमा होता. डॉक्टर म्हणाले, तो तसाही जाणारच होता. ताईंनी ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

एका रविवारी त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही तळेगावला गेलो. आजोबा अंगणात खाटेवर बसले होते. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाबाजी, तुमचा नंबर माह्यानं गेला."

"तुह्यानं कायचा पोरी?" आजोबा हसले. "मी चहा प्यायले बाहेर गेलतो."

कित्येक दिवसांनी ताईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. दोनच कप. मी सहज विचारलं, "बाबांना?"

"बाबा चहाले शिवत नाईत. जन्मात नाई."

आजोबा गोठ्याकडे बघू लागले. ताईंनी कप संपवला आणि त्या आजोबांच्या पाया पडल्या.

त्यानंतर कुठलाही हुकूम पाठवण्याआधी ताई हॉलच्या मधोमध उभ्या राहायच्या. "मंडळी, हे टीव्ही आता बंद होऊन राह्यले. कोणाचा नंबर जवळ असन त मले सांगा." म्हाताऱ्या माणसांजवळ तर वाकून विचारायच्या. आमचे मालक वेळ जातो म्हणून चिडायचे. आम्ही मागे उभे राहून त्यांची नक्कल करायचो. माझी नक्कल सगळ्यात हुबेहूब व्हायची, आज ते आठवलं तरी लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात ताई आजारी पडल्या आणि लेकीकडे नागपूरला गेल्या. एकदा दुपारी त्यांचा फोन आला, आवाज खोल गेलेला. मी तेव्हा एका दवाखान्याच्या जिन्यात होतो.

"शून्य त नाई वापरत ना रे?"

"नाही ताई."

"लोकाईले आधी सांगतं ना?"

"सांगतो ना. रोज सांगतो."

"बरं करतं. मले आता झोप लागन."

फोन ठेवून मी वळलो. हॉलमधल्या सगळ्या स्क्रीन काळ्या होत्या आणि हातात चिठ्ठ्या घेतलेली माणसं त्यांच्याकडे बघत बसली होती. मी फक्त वॉचमनला सांगितलं होतं.

आजोबांचं खोटं ताईंना तिथल्या तिथे कळलं होतं. माझं त्यांनी खरं मानलं, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या.